पुस्तकातला बन्या, पडद्यावरचा बन्या

वाचकहो, आम्ही शाळेत मराठी शिकवतो. शाळा जरीपटक्यात. वर्गात सिंधी मुलं असतात, इंदोऱ्याकडची असतात, टेका नाक्याकडून येणारी आमच्या घरांतली असतात. घरी कुणी सिंधी बोलतो, कुणी उर्दूमिश्रित हिंदी, कुणी अस्सल नागपुरी. मराठीचा तास म्हणजे या सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवण्यासारखं आहे. एकाला तिखट लागतं, दुसऱ्याला अळणी.

मध्यंतरी आठवीचा एक तास रिकामा होता आणि तो आमच्या वाट्याला आला. मुलांना म्हटलं, आज पुस्तक मिटून ठेवा, काय बोलायचं ते बोला. बोलणं पाच मिनिटांत हॅरी पॉटरवर गेलं. त्या पुस्तकांवरून आता नवी मालिका होते आहे, तिच्यात सगळे चेहरे नवे असणार, ही बातमी मुलांच्या कानावर आली होती. झालं, वर्गाचे दोन तट पडले.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने सातही भाग वाचलेले. ती तावातावाने सांगू लागली की जुन्या चित्रपटांनीच मुळात घोळ घातला आहे, तर नव्या मालिकेचं काय घेऊन बसलात. पुस्तकात शाळेभर उच्छाद मांडणारं पीव्हज नावाचं भूत आहे, ते आठ चित्रपटांत एकदाही दिसत नाही. हॅरीचे डोळे पुस्तकात आईसारखे हिरवे, पडद्यावर निळे. चौथ्या भागात हॅरीचं नाव त्या पेल्यातून निघतं तेव्हा म्हातारे मुख्याध्यापक त्याला पुस्तकात शांतपणे विचारतात, तू नाव टाकलंस का. चित्रपटात ते धावत येऊन त्याला गदागदा हलवतात. "मॅडम, आपले मोठे सर असे धावत येऊन कोणाला हलवतील का?" वर्ग हसला.

दुसऱ्या तटातली मुलं हिंदीत डब केलेले चित्रपट पाहिलेली. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्हाला तो मुलगा आवडतो, तीच मुलगी आवडते, त्यांच्या जागी दुसरं कोणी नको. पहिलीने फटकारलं, "तुम्ही वाचलंच नाही, तर तुम्हाला काय कळणार?"

आम्ही मनातल्या मनात तिच्या बाजूने होतो. भाषेच्या शिक्षकाने वाचणाऱ्याच्या बाजूने असायला नको का? तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा बोलला. हा पोरगा एरवी बोलत नाही. वाचनात मागे आहे, जोडाक्षर आलं की थांबतो. तो म्हणाला, "मॅडमनं पन मले तसंच म्हटलं होतं. फास्टर फेणेचं पुस्तक पिच्चर पाहनाऱ्यासाठी नाई म्हने."

वर्ग आमच्याकडे पाहू लागला. आम्हाला आधी काही आठवेना, आणि मग सगळंच आठवलं.

तो सातवीत असतानाची गोष्ट. ग्रंथालयाच्या कपाटापाशी येऊन त्याने विचारलं होतं की फास्टर फेणेचं पुस्तक आहे का. कपाटात एक जुनी प्रत होती, कोपरे दुमडलेली. त्याच्या हातात ती देताना आम्ही विचारलं, हे नाव तुला कुठे कळलं? टीव्हीवर पिक्चर पाहिला म्हणाला. तेव्हा आम्ही जे बोललो ते आज लिहिताना बोटं जड होतात. आम्ही म्हणालो, "पिक्चर पाहून आलास होय? मग हे तुझ्या कामाचं नाही. यात तसलं काही नाही. पिक्चरवाल्यांनी बन्याचं पार वाटोळं केलं आहे." आम्हाला वाटलं आपण साहित्याची बाजू घेतली. पोराने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेला. पुढे वर्षभर तो कपाटाकडे फिरकला नाही, आणि फिरकला नाही हे आमच्या लक्षातही आलं नाही.

ज्या पोराचं वाचन वाढावं म्हणून आम्ही पगार घेतो, तो पोरगा आपल्या पायांनी पुस्तकापर्यंत आला होता. त्याला माघारी पाठवणारे आम्हीच.

आता त्या पुस्तकाविषयी थोडं. भा. रा. भागवत हे नाव घरातल्या मोठ्यांना माहीत असेल. मुलांसाठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं. 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. आणि बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा जन्माला घातला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, काही भन्नाट सुचलं की 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. त्याच्या गोष्टींची वीस पुस्तकं झाली. कधी तो प्रतापगडावर, कधी गुलमर्गला. भागवत 2001 साली गेले, पण बन्या शाळेतच राहिला.

आम्ही ही पुस्तकं पाचवी-सहावीत वाचली. नागपूरच्या उत्तर भागात, रेल्वेची शिट्टी ऐकू येणाऱ्या घरात बसून. आम्हाला तेव्हा पुणं म्हणजे कोहकाफइतकंच लांब. विद्याभवन कसं असेल, फुरसुंगी कुठे असेल, काही ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही बन्याला आमच्याच रस्त्यावर आणून सोडलं. तो इंदोरा चौकातून सुटायचा, कमाल चौकापर्यंत जायचा. आमच्या घरी अशी नावं, अशी घरं, असं जेवणखाण नव्हतं. तरी बन्या आमचा होता, कारण त्याला रंगरूप आम्हीच दिलं होतं.

2017 साली चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पटकथा क्षितिज पटवर्धन यांची, बनेश झाला अमेय वाघ. चित्रपटातला बनेश शाळकरी नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं जातं, आणि बनेश त्याचा माग काढत प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. समोर गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा. हातात मोबाइल, रात्रीचं पुणं, जिवावरचे प्रसंग.

तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत आठवडाभर हाच विषय होता. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, बन्या मोठा झाला तिथेच तो संपला. ज्याची गंमत लहान असण्यात आहे त्याला मिशी फुटली तर उरलं काय? दुसऱ्या बाई म्हणाल्या, माझा मुलगा हॉलमधून बाहेर आला तो 'ट्टॉक' करतच आला, मला पुरे आहे. विज्ञानाच्या सरांनी पुस्तकं वाचली नव्हती. ते म्हणाले, चित्रपट म्हणून चांगला आहे, तुमच्या लहानपणाशी मला काय करायचं? आणि आम्हा सगळ्यांत वयाने मोठ्या बाईंनी तर निराळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, बन्या म्हणजे सुमीत राघवन. त्यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका पाहिलेली. त्यांच्या मनात पुस्तकाच्याही आधी तोच चेहरा बसलेला.

आम्ही पहिल्या गटातले. सगळ्यांत मोठ्याने बोलणारे. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भा. रा. भागवत त्या चित्रपटात आहेत, लेखक स्वतः आपल्या पात्राला घरात आसरा देतो, ही कल्पना आम्हाला आवडली होती. पण ते आम्ही कोणाला सांगितलं नाही. एकदा नापसंती जाहीर केली की मग चांगलं दिसलं तरी जीभ वळत नाही.

मागच्या बाकावरच्या त्या वाक्यानंतर आम्ही घरी आलो, आणि आम्हाला आमचे दादा आठवले. दादा म्हणजे अब्बांचे वडील.

ते 1994 साल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची 'चंद्रकांता' लागायची. नागपुरात त्या वेळी रस्ते रिकामे व्हायचे असं आम्ही म्हटलं तर तुमच्यातले चाळिशीचे सगळे मान डोलावतील. आमच्याकडे टीव्ही होता, म्हणून खोली भरलेली असायची. शेजारची सिंधी मुलं, इंदोऱ्याकडचे दोघे-तिघे, आम्ही भावंडं. क्रूरसिंह झालेल्या अखिलेंद्र मिश्रांनी भुवया ताणून 'यक्कू' म्हटलं की सगळी खोली 'यक्कू' म्हणायची. पुढे मोठा नट झालेला इरफान खान त्यात अय्यार होता, पण तेव्हा तो कोणाला ठाऊक?

दादा रेल्वेतून निवृत्त झालेले. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि बघत नाही असं दाखवत बघत. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' 1888 सालची. ती वाचता यावी म्हणून कित्येक लोक त्या काळी देवनागरी शिकले असं सांगतात. दादा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांनीही तरुणपणी हेच केलं होतं. 'चंद्रकांता' आणि पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग त्यांनी रात्रपाळीत कंदिलाच्या उजेडात संपवलेले. त्यामुळे मालिका सुरू झाली की त्यांचं सुरू व्हायचं. "खत्री साहब के यहाँ क्रूरसिंह इतना नहीं है. ये कहाँ से ले आए? अय्यार को मसखरा बना दिया."

एक दिवस आम्ही त्यांना म्हटलं, दादा, ते पुस्तक मला द्या ना. आम्ही तेरा वर्षांचे असू. दादा म्हणाले, "तुम्हारे बस की नहीं. तुम तो ये तमाशा देखो."

ते रागावले नव्हते. हसत म्हणाले. पण आम्ही पुस्तक मागितलं नाही, ते कायमचंच. दादांचा इंतकाल झाला, पेटी उघडली, तेव्हा 'संतति'चे सुटे भाग निघाले, वाळवी लागलेले. खत्रींची 'चंद्रकांता' आम्ही वाचली ती बत्तिसाव्या वर्षी, विकत आणून. वाचताना सारखं वाटत राहिलं की हे ज्याच्याशी बोलायचं तो माणूस आता नाही. आम्ही दादांजवळ बसून ते वाचू शकलो असतो. आमच्यामध्ये एक वाक्य आडवं आलं.

आणि तेच वाक्य आम्ही दुसऱ्या पोराला ऐकवलं. भाषा बदलली, तोरा तोच.

दादांचं म्हणणं चूक होतं का? नव्हतं. मालिकेने मूळ कादंबरी पार वाकवली होती. पण खत्रींनी तरी अय्यार कुठून आणले? ते आले आमच्याच घरच्या दास्तानांतून. अमीर हमजाची दास्तान ज्यांनी ऐकली आहे त्यांना उमरो अय्यार आणि त्याची झंबील माहीत असेल. ती पिशवी एवढीशी, पण तीत आख्खं जग मावतं. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात हर्मायनीजवळ अशीच इवलीशी पिशवी आहे, तीत तंबूसुद्धा मावतो. वर्गात आम्ही हे सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी चमकली. तिला वाटत होतं ही अद्भुताची दुनिया सातासमुद्रापलीकडून आली.

हमजाची दास्तान फारसीतून हिंदुस्थानात आली. अकबर बादशहाने तिची सुमारे चौदाशे चित्रं काढवून घेतली. त्यातली उरलीसुरली थोडी आज व्हिएन्ना आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनऊच्या नवलकिशोर छापखान्याने ती उर्दूत छापायला घेतली, तेव्हा तिचे शेहेचाळीस जाडजूड खंड झाले. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा त्यातलाच गाजलेला भाग. आता यातली मूळ दास्तान कोणती? फारसीतली? बादशहाच्या चित्रांतली? लखनऊची? दास्तानगो रोज रात्री सांगायचा आणि ऐकणाऱ्यांचा चेहरा बघून वाढवायचा, कमी करायचा. असा किस्सा सांगतात की कथेत एक प्रियकर पडदा उचलायला हात पुढे करतो, आणि आपला धनी परगावाहून परत येईपर्यंत दास्तानगोने तो पडदा काही उचलू दिला नाही. रोज नवं वर्णन. ऐकणारे रोज येत राहिले. त्यांच्यातही कोणी म्हातारा म्हणत असेलच, आमच्या उस्तादांच्या वेळी पडदा असा नव्हता.

1928 साली दिल्लीचे मीर बाकर अली वारले, ते या परंपरेतले शेवटचे नामवंत दास्तानगो. त्यानंतर दास्तान पुस्तकांत राहिली, आणि पुस्तकांतून पडद्यावर गेली. मुंबईत होमी वाडियांनी 1956 साली 'हातिमताई' काढला. अब्बा सांगायचे, त्यांच्या लहानपणी हा चित्रपट गावोगाव फिरून फिरून लागायचा आणि बुरखे घेतलेल्या बायका टांग्यांतून दुपारच्या खेळाला जायच्या. घरी येऊन दादी म्हणायच्या, चित्रपट बरा आहे, पण आमच्या किश्शातल्या सात प्रश्नांची मजा नाही. बघा, दादीसुद्धा.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, कारण या मासिकाच्या वाचकांकडून ती आम्हाला नेहमी विचारली जाते. मुलांनी जादूटोण्याची पुस्तकं वाचावीत का, असले चित्रपट पाहावेत का? आमच्या अब्बांचा एक नियम होता. ते म्हणत, "किस्सा किस्सा है, अकीदा अकीदा है. दोनों की अलमारी अलग रखो." हजरत हमजा रजियल्लाहु अन्हु हे पैगंबरांचे चुलते, उहुदला शहीद झालेले. त्यांची खरी हकीकत सीरतच्या ग्रंथांत आहे. दास्तानीतला परीलोकात जाणारा हमजा हा किस्सेकारांचा. मुलाला दोन्हींतला फरक सांगितला की त्याला कळतो. मुस्तफा अक्काद यांनी 1976 साली 'द मेसेज' काढला, त्यात हजरत हमजांच्या भूमिकेत अँथनी क्विन होते आणि पैगंबरांचं दर्शन कुठेही घडवलेलं नाही. अरबी प्रेक्षकांसाठी तोच चित्रपट निराळे नट घेऊन सोबतच चित्रित केला. तिथे इतिहास होता, श्रद्धा होती, म्हणून प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागलं. किश्शाला ती जोखीम नाही. किश्शाला मोकळं खेळू द्यावं.

मग चित्रपटवाल्यांनी पुस्तकाचं काहीही करावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात का? तसं आम्हाला म्हणायचं नाही. वाचणाऱ्याची तक्रार खोटी नसते. पीव्हज नाही म्हणून खंतावणारी मुलगी काही लाडावलेली नाही. तिने सात जाड पुस्तकांच्या पानापानांतून एक शाळा उभी केली आहे. तिथल्या भिंती, जिने, भुतं तिची आहेत. चित्रपट येतो आणि एका फटक्यात सगळ्यांना एकच चेहरा देऊन जातो. त्यानंतर पुस्तक उघडलं तरी तोच चेहरा समोर येतो, आपण घडवलेला पुसला जातो. हे नुकसान आहे, आणि ते फक्त वाचणाऱ्याचंच होतं. न वाचलेल्याला ते कळणार नाही, कारण त्याचं काही पुसलंच गेलेलं नसतं.

पण त्यावरून आपण दुसरीच गोष्ट करतो. आपलं नुकसान झालं म्हणून जो नवा येतो त्याच्यावर डाफरतो. त्याचा काय गुन्हा? त्याने तर आपल्यापासून काही नेलेलं नाही. त्याला कोणीतरी दार दाखवलं, ते दार आपल्याला पसंत नाही, एवढंच.

आणि चित्रपटाकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. 'फास्टर फेणे'वाल्यांनी बन्याला मोठं केलं याचा आम्हाला राग होता. पण त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न असा असावा की बन्या आज असता तर कोणाच्या मागे लागला असता. 2024 साली 'नीट' परीक्षेच्या पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा आमच्याच ओळखीच्या दोन घरांत चुली नीट पेटत नव्हत्या. दोन दोन वर्षं क्लासला घातलेली मुलं, कर्ज काढलेले बाप. त्या दिवसांत आम्हाला हा चित्रपट आठवला होता. ज्या विषयासाठी आम्ही त्याला नावं ठेवली, तोच विषय सात वर्षांनी आमच्या मोहल्ल्यात येऊन बसला. नाक खुपसणं आणि अन्याय दिसला की स्वस्थ न बसणं, हा बन्याचा स्वभाव त्यांनी राखला होता. वय बदललं, स्वभाव नाही. हे आम्हाला तेव्हा दिसलं नाही, कारण आम्ही मिशी बघत बसलो.

तेव्हा आमची कसोटी आता अशी. पडद्यावर पुस्तकातलं काय काय गळलं याची यादी जरूर करावी, मजा येते. पण शेवटी विचारावं की त्या पात्राचा जीव उरला आहे की नाही. जीव उरला असेल तर कपडे बदललेले चालतील. जीवच नसेल तर डोळे अगदी हिरवे असले तरी काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी आम्ही आठवीच्या वर्गावर गेलो आणि त्या पोराला सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वर्षी आमचं चुकलं होतं. पोरं एकदम गप्प झाली. शिक्षक चुकलो म्हणतात हे त्यांना पेपर फुटल्यापेक्षा मोठं वाटलं असावं. पोराला मात्र अवघडल्यासारखं झालं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम."

पुस्तक आम्ही मधल्या सुट्टीत दिलं, कोणी बघत नसताना. सोबत एवढंच सांगितलं की चित्रपटापेक्षा हे वेगळं आहे, तू वाच आणि काय वेगळं आहे ते मला सांग. परीक्षा नाही, लिहून आणायचं नाही.

वर्गात आम्ही एक छोटा खेळही सुरू केला. ज्याच्या घरी जी गोष्ट सांगितली जाते ती आणायची, आणि तिच्या दोन तऱ्हा आणायच्या. एका सिंधी मुलाच्या पणजी फाळणीनंतर इकडे आलेल्या. त्याने आजीकडून उमर-मारुईची गोष्ट आणली, शाह लतीफांनी गायलेली. त्याच्या आजीची मारुई आणि काकूची मारुई शेवटाला जरा वेगळ्या निघाल्या. आजी म्हणाल्या माझी खरी, काकू म्हणाल्या माझी खरी. घरात दोन दिवस वाद चालला म्हणे. पोरगा खूश. पहिल्या बाकावरची मुलगी आता मागच्या मुलांना पीव्हजचे उद्योग सांगते. "तुम्ही वाचलंच नाही" हे तिने बंद केलं आहे. कारण तिच्या लक्षात आलं की वाचलेलं सांगायला न वाचलेला माणूस लागतो.

घरोघरच्या आई-अब्बांना आमची एवढीच विनंती. मूल चित्रपट पाहून आलं आणि पुस्तक मागू लागलं तर तोंड वाकडं करू नका. बर्डीवर जुन्या पुस्तकांत शोधा, शाळेच्या कपाटात शोधा, पण त्याच दिवशी हातात द्या. ओढ शिळी होते. मूल वाचत नसेल तर तुम्ही रात्री दोन पानं वाचून दाखवा. उर्दू येत असेल तर उर्दू, मराठी येत असेल तर मराठी. आणि आपल्या लहानपणीचं तेच खरं, हे मनात ठेवा. ते खरं आहेच. फक्त ते मुलाच्या वाटेत ठेवू नका.

त्या पोराने पुस्तक तीन आठवडे ठेवलं. मुदत सात दिवसांची. आम्ही विचारलं नाही. परत आणलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, यातला बन्या लहान आहे. माह्या भावाएवढा." मग थोडं थांबून, "सायकल पुस्तकातलीच भारी."

सगळं वाचलंस का, असं आम्ही विचारलं. म्हणाला, मधली काही पानं सोडली, जोडाक्षरं फार होती. पण धाकट्या भावाला रोज रात्री सांगितली. कशी सांगितलीस, म्हटलं. आणि तो सांगू लागला, उभ्याउभ्याच, अर्धं हिंदीत, अर्धं नागपुरीत. त्याच्या गोष्टीत चित्रपटातला अप्पा होता आणि पुस्तकातली सायकल होती. पानं सोडली तिथे त्याने स्वतःचं काहीतरी घातलं होतं. बन्या इंदोरा चौकातून सुटला, सिग्नल तोडला, आणि एका ई-रिक्षावाल्याने त्याला वाट दिली. त्याचे वडील ई-रिक्षा चालवतात.

पुस्तकात असं नाही, हे आमच्या ओठांवर आलं होतं. आम्ही ते गिळलं आणि विचारलं, "मग पुढे?"